गुरुवारी बसवलेली दुर्बीण

…साखर सोडली होती मी, तुम्हाला सांगते, साखर! सव्वाचार महिने! चहा म्हणजे नुसतं काळं कडू पाणी, घोट घेतला की तोंड असं व्हायचं, आणि ते कशासाठी? कुणाची परीक्षा नव्हती, कुणाचं लग्न अडलं नव्हतं, कुणी अंथरुणाला खिळलं नव्हतं… आमच्या जावईबापूंचं नाक एकदा, एकदाच, चारचौघांत जमिनीला टेकावं म्हणून! देवासमोर हात जोडून चक्क बोलले मी, की देवा, आमचे मामंजी या माणसाला नेमबाजीत हरवेपर्यंत माझ्या चहात साखरेचा कण पडणार नाही. आता देवाकडे असलं काही मागतात का? मागतात. मी मागितलं. पण माझ्या मनात काही नाही हं! मी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

सरका जरा, बसते, तुमचा कप सांभाळा. हा चहा सांडेल नाहीतर, तीन चमचे साखर घातलीय मशीनवाल्याकडून मागून, वसुली चाललीय माझी. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, आत आहेत. डोळ्यांत थेंब घालून बसवलंय, बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो म्हणे, तोवर तुम्हाला सांगते. आणि आज बुधवार आहे म्हणून सांगते हो, उद्या भेटला असतात तर माझ्या तोंडून 'अ' निघाला नसता. गुरुवारचं मौन असतं माझं. हसू नका! आमचे हेही असेच हसतात. "तू आणि मौन?" म्हणतात. अहो, आठवड्यातले सहा दिवस जे ऐकता ते सातव्या दिवसाचं साठलेलं असतं!

ते मौन इथलंच. पाच वर्षांपूर्वी याच दवाखान्यात मामंजींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डावा गेला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "उजव्याचं उद्या कळेल." तो खांब दिसतो ना, वजनकाट्याशेजारचा? त्याला टेकून मी बोलले, की उजवा वाचव, दर गुरुवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गप्प राहीन, जन्मभर. वाचला! आता सांगा, मोडेन मी ते मौन? घराला आग लागली तरी मी थाळी बडवेन, पण बोलणार नाही. मामंजींचा डोळा माझ्या जिभेवर टांगलेला आहे.

तर मामंजी. हाडाचे घड्याळजी. चाळीस वर्षं कुणाची ना कुणाची घड्याळं पोटातून उघडून बसले, आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजी क्लब. पॉइंट टू टूची रायफल. गोळी केवढी, तर पेन्सिलीच्या टोकाएवढी. टेबलाशी बसायचं, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, पिशव्या मी शिवलेल्या बरं का, दुहेरी टाके घालून, आणि पन्नास मीटरवरच्या कागदातल्या शर्टाच्या बटणाएवढ्या ठिपक्यात ती गोळी घालायची. दोन गोळ्यांच्या मध्ये म्हातारा अर्धा मिनिट श्वास मोजत बसतो. मी मागे बसून माळ ओढते. दोघांचं एकच काम चाललंय असं वाटतं बघा.

पण नजर उतरली. उघड्या नजरेने खेळायचं म्हणजे मागची खाच, पुढचा काटा आणि लांबचा ठिपका, तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि मामंजींना काटाच धूसर दिसायला लागला. बाकीच्यांनी रायफलींवर दुर्बिणी बसवल्या, नियमात चालतात, पण मामंजींचा हट्ट, की नको, मी आपला असाच. मग काय! तीन वर्षं क्लबचा चषक गेला जावईबापूंच्या दिवाणखान्यात. जावईबापू म्हणजे आमच्या वन्संचे यजमान. घरात काहीही बिघडो, ते यायचे आणि "अॅहम्" करायचे. हे असं. अॅहम्! मग ते बिघडलेलं कायमचं बिघडायचं. इस्त्री गेली, भिंतीवरचं घड्याळ गेलं, घड्याळजीच्या घरातलं घड्याळ! पण बोलायचं कुणी? जावई ना!

आणि एकदा जेवताना, सगळे बसलेले, वन्सं, मुलं, आमचे हे, आणि हा माणूस घास चावत म्हणतो, "अॅहम्! बाबा, खरं सांगू का? रायफल आता मला देऊन टाका. तुम्हाला टार्गेटच दिसत नाही, उगाच भिंतीला भोकं! वय झालं की माणसाने सोडायला शिकावं." आणि हसला. मामंजींनी पुढ्यातला नॅपकिन घेतला, चार घड्या केल्या, मग आठ केल्या, मग सोळा होईनात तरी दाबत बसले… त्या रुमालाकडे बघवेना मला. मी उठले, आत गेले, आणि साखर सोडली.

पण माझ्या मनात काही नाही हं! त्या दिवसापासून जावईबापूंना फक्त कानतुटका कप द्यायला लागले, एवढंच. आणि ती एक खुर्ची आहे, एक पाय आखूड, ती त्यांचीच झाली. आणि देवापुढे बसले की शेवटी एक छोटंसं मागणं, की देवा, या माणसाच्या मोज्याला सतत भोक पडू दे, अंगठ्यापाशी. त्याच्या चष्म्यावर कायम कुणाच्या तरी बोटाचा ठसा असू दे. सही करताना अर्ध्यात पेन वाळू दे. यात कुणाचं काय वाईट होतं? सांगा ना!

मामंजींनी आठ दिवसांत ओळखलं. घड्याळजीची नजर कमी झाली तरी लक्ष कमी होत नाही. "सूनबाई, साखर घेत नाहीस?" म्हटलं, "व्रत आहे." "कशासाठी?" म्हटलं, "दुर्बिणीसाठी. तुम्ही बसवेपर्यंत आणि जिंकेपर्यंत." मग म्हणाले, "चल. तुझा चहा कडू करून माझा हट्ट चालवायचा नाही मला."

गेलो दुकानात. दुकानदार म्हणजे पोट काउंटरवर ठेवून बोलणारा. माझ्याकडे बघतच नाही, मामंजींकडे बघून, "आजोबा, ही घ्या! ही सगळ्यात मोठी! यातून चंद्रावरचे खड्डे मोजता येतात!" म्हटलं, "भाऊ, चंद्राला गोळी घालायची नाहीये. पन्नास मीटरवर एक बटण आहे." तर हसला. "ताई, तुम्ही बसा ना तिकडे, पंख्याखाली." पंख्याखाली! मला! अहो, दोन आठवडे क्लबातल्या एकेकाच्या दुर्बिणीतून डोकावून, एकेकाला विचारून, वहीची नऊ पानं भरून गेले होते मी. पहिलीच गोष्ट काय, की नुसतं मोठं दाखवणारी घ्यायची नाही. जितकं मोठं दिसतं तितकं हलतानाही दिसतं. म्हाताऱ्या माणसाला त्यात स्वतःच्या काळजाची धडधड दिसते, नेम धरायची आतली फुली उड्या मारायला लागते, आणि तो घाबरून बसतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्वयंपाकघरातला काट्याचा वजनकाटा बघितलाय ना? समोरून बघितलं तर अर्धा किलो, बाजूला मान केली तर काटा सरकलेला! काटा तिथेच असतो, सरकतो आपला डोळा. दुर्बिणीतही तसंच असतं. लांबच्या शिकारीची दुर्बीण जवळच्या कागदावर लावली, की डोकं केसभर हललं तरी फुली ठिपक्यावरून घसरते. आणि एका डोळ्याच्या म्हाताऱ्याचं डोकं हलणार नाही तर काय?

मग मी काय केलं, तर त्याचे दोन पुठ्ठ्याचे खोके काउंटरवर ठेवले, मध्ये ती चंद्रवाली दुर्बीण आडवी ठेवली, आणि बाहेर जाऊन पन्नास मोठी पावलं मोजली. बरोबर न्हाव्याच्या पाटीशी आले. परत येऊन फुली पाटीवरच्या एका अक्षराच्या टोकावर लावली आणि नुसती मान हलवली, अशी, डावी, उजवी. फुली चालली! या अक्षरावरून त्या अक्षरावर, मग पाटीबाहेर! म्हटलं, "भाऊ, बघा तुमचा चंद्र." त्याने बघितलं. पोट काउंटरवरून खाली घेतलं. मग मागच्या खणातून साधी, मध्यम, पुढे एक कडी असलेली काढली. ती कडी फिरवली की जवळचंही नेमकं बसतं. पन्नासच्या खुणेवर आणली, मान हलवली… फुली खिळ्याने ठोकल्यासारखी! तरी घेतली नाही. आधी मामंजींना बघायला लावलं. म्हणाले, "रेघा कुठायत?" बारीक केसासारख्या होत्या हो, त्यांना दिसेनात. मग तीच, पण जाड रेघांची, मध्ये टिपका असलेली. मामंजींनी डोळा लावला आणि म्हणाले, "सूनबाई, त्या न्हाव्याच्या पाटीवर माशी बसलीय." असा आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता.

घरी आलो तो बुधवार. मामंजी म्हणाले, "उद्या बसवू. स्क्रू बारीक आहेत, मला दिसायचे नाहीत, तू बसव, मी सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण? अॅहम्! कुणी सांगितलं असेल त्यांना? आमच्या ह्यांनी! "म्हटलं जावईबापूंना बरं वाटेल." वार कुठला? गुरुवार!

तुम्हाला सांगते, तो तास माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. माझा वैरी तोच होता, तरी येऊ नये. "वहिनी, सोडा ती किल्ली, हे बायकांचं काम नाही!" झाली सुरुवात. दुर्बीण कशी बसते, माहितीये? रायफलीच्या पाठीवर एक पट्टी असते, पट्टीला दोन कड्या धरतात, कड्यांच्या पोटात दुर्बीण. म्हणजे वरचे स्क्रू दुर्बिणीला धरतात आणि खालचे रायफलीला धरतात. वरचे हलक्या हाताने आवळायचे, एक थोडा, समोरचा थोडा, दोन्हीकडची फट सारखी ठेवत. नळी पातळ असते ना, चेपते. या माणसाने एक बाजू पूर्ण आवळली, अंगठा पांढरा होईपर्यंत, मग दुसरी! त्या ओढीने दुर्बीण फिरली, फुली कलली. मला दिसतंय! मी हात खाली दाबून दाखवला, असा, सावकाश, सावकाश. तर म्हणतो, "अजून दाबू? बरं!" मी मूठ उलटी फिरवून दाखवली, सैल करा, सैल करा. "अजून आवळू? तुम्ही म्हणताय तर!" आणि दात खाऊन आणखी एक वेढा! मी धावत जाऊन वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं, 'तिरकी बसली आहे'. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी न बघता त्याला बोटाचं तेल पुसलं!

आणि खालचे स्क्रू? नुसते बोटाने फिरवलेले! मी बोट ठेवून ठेवून दाखवले. "वहिनी, ते कंपनीतूनच आवळलेले येतात." कंपनीतून! मी स्वतः पुडीतून काढून सकाळी वाटीत ठेवले होते ते! तोंड उघडलं होतं मी, खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं, एक शब्द, फक्त एक… आणि मामंजींनी माझ्याकडे बघितलं. त्या उजव्या डोळ्याने. ओला, लहान मुलासारखा आशेने भरलेला डोळा. मिटलं तोंड. ज्या डोळ्यासाठी दुर्बीण, त्याच डोळ्यासाठी मौन, काय करणार होते मी?

जाताना त्यांना जॅमची बरणी दिली भेट. झाकण त्यांच्याच पद्धतीने आवळून. वन्सं नंतर म्हणाल्या, यांच्या तळहाताला फोड आला. माझ्या मनात काही नव्हतं हं!

संध्याकाळी सूर्य मावळायची वाट बघत खिडकीत उभी राहिले आणि मावळल्या मावळल्या आमच्या ह्यांना सगळं सांगितलं, एका दमात. हे म्हणाले, "जाऊ दे ना. जावई आहेत. बाबांना कळलं तर त्यांनाच वाईट वाटेल. आणि तू काय, उगाच काहीतरी दिसतं तुला." उगाच! त्यात शुक्रवारी सकाळीच माहेरी जावं लागलं मला, आईला बघायला, आणि शनिवारी हे मामंजींना क्लबात घेऊन गेले.

मी परत आले तर मामंजी बूट न काढताच खुर्चीत. हातात कागद. त्यावर गोळ्या अशा पसरलेल्या, जणू कुणी लांबून मोहरी उधळलीय. एक वर, एक डावीकडे, एक कागदाबाहेर. "वर घ्यायला दुर्बिणीवरचं बटण फिरवलं तर गोळी बाजूला जाते," म्हणाले, "आणि पुढची कुठे जाईल देव जाणे. दुर्बीण चांगली आहे, सूनबाई. डोळा गेला माझा. रविवारी जावईबापूंना सांग, रायफल घेऊन जा म्हणावं."

डोळा गेला म्हणाले! मी सव्वादोनशेच्या वर गुरुवार गिळलेत त्या डोळ्यासाठी, आणि एका माणसाने चार स्क्रू ढिले ठेवले म्हणून तो गेला? म्हटलं, "मामंजी, रायफल एकदा पुसून देते. दुसऱ्याच्या घरी मळकी जायला नको." त्यांनी कपाटाचं कुलूप उघडलं, गोळी उडायला नको म्हणून बोल्ट काढून खिशात ठेवला, आणि पलीकडे खुर्चीत डोळे मिटून पडले. मी दुर्बिणीवर हात ठेवला. हलली! जुन्या तव्याचा दांडा हलतो ना, तशी! दर गोळीला धक्का बसणार, दर गोळीला ती जागा सोडणार.

माझे वडील गवंडी होते. लग्नात मला दोन वस्तू दिल्या, त्यांचा ओळंबा आणि त्यांची पाणसळ. सासरी सगळे हसले होते. "हिला काय भिंत बांधायचीय?" त्या काढल्या ट्रंकेतून. रायफल जेवणाच्या टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, पट्टीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला, म्हणजे रायफल सरळ. मग मागच्या अंगणाच्या भिंतीवर खिळा, खिळ्याला ओळंब्याची दोरी, खाली लोखंडी लंबक. दोरी स्थिर झाली की तिच्याइतकं सरळ जगात काही नाही, वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, दोरी बोलणार नाही. आणि दुर्बिणीतून बघते तर काय! दोरी उभी, आणि फुली अशी कललेली, जावईबापू बसतात ना त्या आखूड पायाच्या खुर्चीसारखी!

सगळं खोललं. एका स्क्रूचं तोंड त्यांनी झिजवलं होतं, तो मामंजींच्या जुन्या डबीतला बदलला. स्क्रूंची तेलकट तोंडं स्पिरिटने पुसली. आधी खालचे, पक्के. मग दुर्बीण ठेवून मागेपुढे करून, मामंजींचा डोळा आणि काच यांत चार बोटं राहतील अशी, मान ताणायला नको. मग फुलीची उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत केसाकेसाने फिरवली, आणि वरचे स्क्रू. किल्ली दोन बोटांत. माळेचा एक मणी सरकला की एका स्क्रूला पाव वेढा, मग समोरच्याला. मणी, पाव वेढा. मणी, पाव वेढा. आणि प्रत्येक मण्याला जावईबापूंच्या नावाने, हो, आता खोटं कशाला बोलू, प्रत्येक मण्याला, 'हरू दे… हरू दे… हरू दे…' इतका मन लावून जप मी आयुष्यात केला नव्हता. शेवटी स्क्रूंच्या डोक्यांवर लेकीची लाल नेलपॉलिश, एकेक टिपका. हलले तर कळावं.

मामंजी उठले. म्हटलं, "मामंजी, चषकापर्यंत थांबा. माझी साखर अडकलीय." एवढंच म्हटलं. बाकी बोलले नाही, ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं ना! आणि पुढच्या सरावाला मामंजींनी पहिल्या पाच गोळ्या घातल्या, दुर्बिणीतून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी! म्हणाले, "सूनबाई, गेला नाहीये गं." म्हटलं, "काय?" म्हणाले, "डोळा." मी तिकडे तोंड करून पिशवी आवरत बसले.

स्पर्धा दरवर्षी रविवारी असते. यंदा क्लबाच्या छपराचं काम निघालं. म्हणून कधी ठेवली? ओळखा! गुरुवारी!

वीस गोळ्या. जावईबापू पलीकडच्या टेबलाला, प्रत्येक गोळीनंतर अॅहम्. त्यांचे झाले एकशे शहाऐंशी. मामंजींची शेवटची गोळी उरली आणि एकोणीस गोळ्यांचे एकशे सत्त्याहत्तर. नऊ पडले तर बरोबरी, दहा पडले तर विजय, वेळ दीड मिनिट. आणि मामंजींनी रायफलीवरून मान उचलली! डोळ्याला पाणी आलं होतं. रुमाल शोधतायत, सापडेना, मला दिसतोय, त्यांच्या मांडीवरच पडलाय, आणि मी ओरडू शकत नाही! मी पदर… नाही, मी माझा रुमाल काढला आणि हवेत असा फडकवला, की त्यांनी वळून बघावं, तर क्लबाचे सचिव माझ्यावर डोळे वटारतायत! शेवटी रुमाल लागला हाताला. पुसला डोळा. सावकाश. मान टेकवली. मी श्वास धरला. त्यांनी धरला. ठप्प!

दहा.

एकशे सत्त्याऐंशी, एकशे शहाऐंशी! देवा रे! मला काय काय करावंसं वाटलं सांगू? जावईबापूंसमोर जाऊन फुगडी घालावी, त्यांच्या कानात अॅहम् करावं! आणि तेवढ्यात हा माणूस, हरलेला माणूस बरं का, उठला, मामंजींच्या टेबलाशी गेला, दुर्बिणीवर हात ठेवला आणि सगळ्या क्लबाला म्हणाला, "अॅहम्! श्रेय मी घेत नाही. यश बाबांचंच आहे. पण… दुर्बीण बसवली मी!"

टाळ्या! टाळ्या वाजवल्या लोकांनी! आणि मामंजींनी, भोळा सांब, त्याला मिठी मारली. "यांनी बसवली," म्हणाले, "म्हणून मी उभा आहे." आणि मी? मी उभी, हातात वाळूच्या पिशव्या, तोंड शिवलेलं, सूर्य अजून डोक्यावर! उपाहारगृहात गेले, चहावाल्याला तीन बोटं दाखवली, तीन चमचे. सव्वाचार महिन्यांनी गोड चहा. कडू लागला हो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळीच उठून ठरवलं, आज मामंजींना सांगायचं, ओळंब्यासकट! चहा घेऊन गेले, तर ते चषक पुसत बसलेले. म्हणाले, "सूनबाई, एक सांगू? मला इतकी वर्षं वाटायचं, मुलगी चुकीच्या घरी दिली. तो माणूस कुणासाठी काही मनापासून करेल असं वाटायचं नाही. पण ही दुर्बीण बघ. किती प्रेमाने बसवलीय. असं सरळ काम वरवरच्या माणसाला जमत नाही. काल पहिल्यांदा मला पोरीच्या काळजीशिवाय झोप लागली."

आता सांगा! सांगा ना, काय बोलले असते मी? चहा ठेवला, म्हटलं, "हो मामंजी," आणि स्वयंपाकघरात येऊन रिकामं पातेलं घासत बसले.

पण देव आहे हं! कसा, ते ऐका. क्लबात जावईबापूंचं नाव झालं ना, दुर्बीण बसवण्यात त्यांचा हात धरणारा नाही! आता सगळे त्यांच्याकडे रायफली घेऊन जातात. आणि ते बसवतात. वरचे आवळून, खालचे कंपनीचे! सचिवांच्या गोळ्या मागच्या आठवड्यात शेजारच्याच्या कागदावर निघाल्या. तेच सचिव, डोळे वटारणारे! आणि जावईबापूंनी स्वतःचीही खोलून परत बसवली, 'बाबांच्यासारखी' म्हणे. रविवारी किती पडले माहितीये? एकशे एकोणसाठ! वन्सं सांगत होत्या, झोप उडालीय त्यांची, डोळे तपासून घेणार म्हणतात. मला एक वाक्य बोलायचंय फक्त, खालचे स्क्रू आवळा. एक वाक्य. नाही बोलले. सगळ्या आठवड्याचं मौन धरलंय मी, त्या एका वाक्यापुरतं. माझ्या मनात काही नाही हं!

आता फक्त एक भीती. ते मधूनमधून म्हणतात, बाबांची दुर्बीण परत एकदा तपासून देतो. म्हणून मी घरातली स्क्रूची किल्ली पिठाच्या डब्यात तळाशी पुरलीय. शोधा म्हणावं!

…हं, दार उघडलं. आले मामंजी. काळा चष्मा दिलाय वाटतं. तुम्ही यातलं काही बोलू नका हं, त्यांना माहीत नाही. "या मामंजी, सांभाळून, इथे बसा, या ताई आपल्यासारख्याच थांबल्यात. काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"ठणठणीत म्हणाल्या, सूनबाई! अजून दहा वर्षं तपासायला नको म्हणाल्या! आणि बरं का, आत बसलो होतो तेव्हा जावईबापूंचा फोन आला. उद्या सकाळी येतायत, दुर्बीण एकदा पक्की करून देतो म्हणाले. म्हटलं, घरातली किल्ली कुठे सापडत नाहीये. तर म्हणाले, काळजी करू नका बाबा, मी माझी आणतो. मोठी आहे, म्हणाले, लांब दांड्याची."

…ऐकलंत? लांब दांड्याची. आणि उद्या वार कुठला?

हा चहा घ्या, ठेवा तिकडे. नको, मला नको. नाही मामंजी, काही झालं नाही, गोड जास्त झालाय. …ऐका ना, ताई, इकडे कान करा. मी आत्ता, या मिनिटापासून, परत सोडली साखर. पण गेल्या वेळी एकटीचीच होती, म्हणून अर्धंच पावलं. तुमचं माझ्यावर काही देणं नाही, ओळख म्हणाल तर अर्ध्या तासाची, पण एवढं करा माझ्यासाठी, तुमच्याही कपातली साखर तशीच राहू द्या. ढवळू नका. तुमचं कुणी जावईबापू असेल ना, त्याचंही मी माझ्या माळेत घेते.